तेरावा पगार

आमच्या कंपनीत वर्षाला तेरा पगार होतात. भारतात कुणाला हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "म्हणजे बोनस का?" बोनस वगैरे काही नाही. दर चार आठवड्यांनी शुक्रवारी पगार, आणि बावन्न आठवड्यांना चारने भागलं की तेरा. ज्या कचेऱ्यांची सफाई आम्ही करतो त्या कंपनीला चार आठवड्यांच्या हिशेबाने पैसे देतात, म्हणून कंपनीही कामगारांना तसेच देते. पगारपत्रक करणाऱ्या माझ्यासारखीला ते सोयीचंच. सरकारचा महिना मात्र कॅलेंडरचा, वर्षाला बाराच. या तेरा आणि बाराच्या मध्ये माणसं कशी अडकतात, ते मला या टेबलावर बसल्यावर कळलं.

कंपनी पश्चिम लंडनमधली, हेज-साउथॉलच्या पट्ट्यातली. कामाला बहुतेक बायका: पंजाबी, नेपाळी, तमिळ, सोमाली आणि बऱ्याच गोव्याच्या. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ते पासपोर्ट घेऊन, ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हा, गोव्यातून पुष्कळ लोक इकडे आले, साउथॉल, वेम्ब्ली, स्विंडन अशा ठिकाणी स्थिरावले. पहाटे पाच ते आठ, नाहीतर संध्याकाळी सहा ते नऊ, अशा पाळ्या. पूर्णवेळ काम करणारी बाई क्वचित. कुणी आठवड्याला दहा तास, कुणी पंधरा, कुणी सोळा.

तासाला पैसे कायद्याने ठरलेले. २०२५-२६ साली एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही १२.२१ पौंडांपेक्षा कमी देता येत नव्हते. आम्ही तेवढेच द्यायचो, एक पेनी जास्त नाही. सोळा तासांचे आठवड्याला १९५ पौंड, चार आठवड्यांचे ७८१. लंडनमध्ये दोन मुलं घेऊन यात कुणाचंच भागत नाही, आणि भागेल अशी कुणाची अपेक्षाही नाही. उरलेलं सरकार देतं. त्या व्यवस्थेचं नाव युनिव्हर्सल क्रेडिट. बायका नुसतं 'यूसी' म्हणतात.

माझ्याकडे पगाराबद्दल जे फोन येतात त्यातले निम्मे खरं तर पगाराबद्दल नसतातच. "माझं यूसी कमी का आलं?" यूसी माझ्या हातात नाही, हे सांगून फोन ठेवता येतो, आणि नियमाप्रमाणे तेवढंच सांगायला हवं. पण कमी का आलं याचं उत्तर बहुतेक वेळा माझ्याच संगणकात असतं. आम्ही प्रत्येक पगाराचा तपशील त्याच दिवशी, किंवा आधीच, करखात्याला ऑनलाइन पाठवतो. तिथून तो आकडा आपोआप यूसीकडे जातो आणि त्यावरून तिची महिन्याची रक्कम ठरते. म्हणजे मी शुक्रवारी बटण दाबते आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी घरात काय शिजेल ते त्यात ठरून जातं.

पेडण्याची एक बाई आहे आमच्याकडे. मी सावंतवाडीची, म्हणजे मधे तेरेखोलची खाडी काय ती. नवऱ्यापासून वेगळी राहते, दोन मुलं प्राथमिक शाळेत. मला ती 'बाय' म्हणते, मी तिला 'ताई'. वयाने दोघी सारख्याच असू. एका सप्टेंबरात ती फोन न करता कचेरीतच आली. मोबाइलवर यूसीचं पान उघडं. "बाय, म्हाका समजना," एवढंच म्हणून तिने फोन माझ्यापुढे ठेवला.

तिचा हिशेब इथे मांडते, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. २०२५-२६ सालच्या दराने पंचविशीपुढच्या एकट्या व्यक्तीची मूळ रक्कम महिना ४०० पौंड. दोन मुलांचे प्रत्येकी २९३ धरून ५८६. घरभाडं ६५०. सगळं मिळून सुमारे १६३६. ती काहीच कमावत नसती तर एवढे मिळाले असते. कमावते, म्हणून त्यातून कापतात. पण सरसकट नाही. मुलं असलेल्यांच्या कमाईतले पहिले काही पौंड मोकळे सोडतात. भाड्याची मदत घेणाऱ्यांना ही सूट ४११ पौंडांची. त्याच्या वरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. ७८१मधून ४११ गेले, उरले ३७०, त्याचे ५५ टक्के म्हणजे २०४. तर यूसी १४३२ आणि पगार ७८१. पेन्शनची किरकोळ कपात सोडून देऊ.

एवढ्यापर्यंत व्यवस्था मला शहाणपणाचीच वाटते. काम केलं तर न करण्यापेक्षा हातात जास्त पडतं, आणि कमाई वाढली म्हणून मदत एका फटक्यात बंद होत नाही. जुन्या व्यवस्थेत तास मोजायचे. एकट्या आईने आठवड्याला सोळा तास भरले तर वर्किंग टॅक्स क्रेडिट, पंधरा भरले तर नाही. त्या पद्धतीचा शेवटचा अवशेष २०२५च्या एप्रिलात संपला, तरी आमच्याकडे सोळा तासांचे करार अजून इतके का, याचं उत्तर तिथेच आहे. नियम गेला, करार राहिला.

गोम महिन्यात आहे. यूसीचा महिना प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही अर्ज ज्या तारखेला केलात त्या तारखेपासून तो सुरू होतो आणि कायम तोच राहतो. पेडण्याच्या ताईंनी कधीतरी एक तारखेला अर्ज केला होता, म्हणून त्यांचा महिना एक ते एकतीस. आता आमचे पगार बघा: १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. चार आठवड्यांनी २९ ऑगस्ट, तोही शुक्रवार. दोन्ही एकाच महिन्यात. सरकारच्या लेखी ताईंनी ऑगस्टात १५६३ पौंड कमावले. ४११ वजा करा, राहिलेल्याचे ५५ टक्के काढा, ६३४. यूसी आलं १००२. नेहमीपेक्षा ४३० पौंडांनी कमी.

यात तिचं काही बुडालं का? वर्षाचा ताळेबंद मांडला तर एक पेनीही बुडालेली नसते. दुसरा पगार हातात आलेला असतोच. मी हे तिला कागदावर काढून दाखवलं, आणि ते तिला पटलंही. पण २९ ऑगस्टला आलेले पैसे ५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे यूसी जमा होईपर्यंत, उरायला हवेत ना. आठवड्याभरात शाळा सुरू होणार होती. दोन मुलांचे गणवेश, बूट, पीटीचे कपडे. त्यात २७ ऑगस्टला चवथ होऊन गेलेली. घरचा गणपती गोव्यात, पण इथेही चार माणसं जेवायला बोलावलेली, उधारी मागे राहिलेली. दुसरा पगार आला, तो या सगळ्यात गेला. मग भाड्याच्या आठवड्यात ४३० पौंडांचं भोक.

वर आणखी एक किरकोळ टोला. यूसी घेणाऱ्या आईबापांना डॉक्टरने लिहून दिलेली औषधं फुकट मिळतात, पण त्या महिन्याची कमाई ९३५ पौंडांच्या आत असेल तरच. एरवी ७८१ असल्यामुळे ताईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या फुकट. त्या ऑगस्टच्या १५६३मुळे पुढच्या खेपेला एका औषधाचे ९.९० पौंड. ही रक्कम काही फार नाही. पण औषधाच्या दुकानात काउंटरवर, मागे रांग असताना, आपण या महिन्यात फुकटात बसतो की नाही हे कुणाला पाठ असतं?

ताईंचं यूसी निदान पूर्ण तुटलं नाही. ज्यांना यूसी मुळातच थोडं मिळतं, त्यांची रक्कम जोडपगाराच्या महिन्यात शून्यावर येते आणि खातं बंद होतं. मग पुन्हा मागणी करा.

कॅलेंडरच्या महिन्याने पगार घेणाऱ्यांवरही हीच पाळी येत असे. पगाराची तारीख शनिवार-रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीला आली की पगार एक-दोन दिवस आधी जमा होतो, आणि मग एका यूसी-महिन्यात दोन पगार, पुढच्यात एकही नाही. चार एकट्या आया यावरून कोर्टात गेल्या. त्यातली एक शाळेत मुलांना जेवण वाढणारी. जून २०२०मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियम बदलला. पण बदलला तो महिन्याच्या पगारवाल्यांसाठी. चार आठवडेवाले जिथे होते तिथेच.

आमच्या कचेरीत एक हेड क्लार्क बाई होत्या, आता निवृत्त झाल्या. इंग्लिश, कडक, पण हिशेबाच्या बाबतीत कुणालाही वेळ देणाऱ्या. त्यांनी मला एकदा सांगितलं की सरकारची ही भर पूर्वी आम्हीच वाटायचो. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना १९९९मध्ये वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट आलं. २०००पासून ते पगाराबरोबर, मालकाच्या हातून मिळू लागलं, पे-स्लिपवर वेगळी ओळ छापून. त्यामागे विचार असा की लोकांना ते मदत न वाटता कमाईचाच भाग वाटावं. मालकांनी कटकट केली, २००६पर्यंत ती पद्धत मोडीत निघाली. "पण त्या काळात," त्या म्हणाल्या, "प्रत्येक बाईला खरोखर किती लागतं ते मला पे-स्लिपवर दिसायचं." मला ते दिसत नाही. मला फक्त ७८१ दिसतात. उरलेला, आणि बहुतेक वेळा मोठा, हिस्सा दुसऱ्या संगणकात असतो.

आता मालकाच्या बाजूने बघू, कारण त्याचीही बाजू आहेच. आमच्या साहेबांची नेहमीची तक्रार: "जादा शिफ्ट दिली तर या बायका नको का म्हणतात?" कुणी आजारी पडलं, चार तासांची शिफ्ट रिकामी झाली, फोन करावा तर पाच जणी नाही म्हणणार. मी एकदा त्यांच्यासमोर आकडे मांडले. चार तासांचे ४९ पौंड. यूसीतून ५५ टक्के जाणार, राहिले २२. बसचं जाणं-येणं साडेतीन पौंड. उरले साडेअठरा. तासाला पाच पौंडही नाही, आणि मुलांना कुणाकडे ठेवलं त्याचे पैसे वेगळे. पाळणाघराच्या खर्चाचे ८५ टक्क्यांपर्यंत यूसीतून मिळतात, पण पहाटे पाचला उघडणारं पाळणाघर मी तरी पाहिलेलं नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे मी बारा देतो आणि तिला पाच मिळतात?" मी म्हटलं, हो. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. माणूस वाईट नाही.

तरी हे प्रमाण पूर्वीपेक्षा बरं आहे, हेही सांगायला हवं. २०२१च्या नोव्हेंबरपर्यंत पौंडामागे ६३ पेन्स कापत असत. त्या वर्षी ते ५५वर आणले. पण त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबरात, कोविडकाळात वाढवलेले आठवड्याचे वीस पौंड काढूनही घेतले होते.

दुसरीकडे, यूसीच्या २०२५-२६च्या नियमानुसार एकट्या माणसाची कमाई महिन्याला ९५२ पौंडांच्या खाली असेल तर त्याने आणखी काम शोधत राहावं, जॉबसेंटरला नियमित हजेरी लावावी अशी अपेक्षा असे. लहान मुलं असतील तर तास जरा सैल करतात. ताई ७८१वर, म्हणजे शोधणाऱ्यांत. ऑगस्टात १५६३, म्हणजे पुरेशी कमावणारी. सप्टेंबरात पुन्हा शोधणारी. त्यांनी जॉबसेंटरमध्ये सांगितलं की कंपनी तास वाढवून देत नाही. ते खरं आहे. जादा शिफ्ट असतात, पण त्या तुटक, आज आहे उद्या नाही. करारातले तास वाढवणं वेगळं.

ते का वाढत नाहीत, हे पगारपत्रक करणाऱ्यालाच नीट कळतं. आमच्याकडे दहा तासांचे करार पुष्कळ. दहा गुणिले १२.२१ म्हणजे १२२ पौंड. आठवड्याला १२५च्या खाली कमावणाऱ्याला आजारपणाचा कायदेशीर पगार लागू होत नसे, निदान २०२५-२६च्या नियमात तरी. पंधरा तासांचे वर्षाचे होतात साडेनऊ हजार. दहा हजारांच्या वर गेलं की कामगाराला पेन्शन योजनेत आपोआप घ्यावं लागतं आणि मालकाला त्यात वाटा भरावा लागतो. एप्रिल २०२५पर्यंत मालकाचा राष्ट्रीय विम्याचा हप्ताही वर्षाला ९१०० पौंडांच्या वर सुरू होत असे, त्यामुळे वीस तासांची एक बाई ठेवण्यापेक्षा दहा तासांच्या दोन ठेवणं स्वस्त पडायचं. आता ती मर्यादा ५००० केली आहे. कुणी बसून कट केला असं मी म्हणत नाही. कंत्राटाची निविदा भरताना जो आकडा सगळ्यात कमी दिसतो तो भरला जातो, आणि तो असाच कमी होतो. तो कमी भरता येतो, कारण बाईच्या घरचं उरलेलं सरकार बघणार असतं.

ही गोष्ट नवी नाही. हेजहून रीडिंगमार्गे रेल्वे न्यूबरीला जाते. न्यूबरीजवळ स्पीनहॅमलँड नावाचं ठिकाण आहे. तिथल्या पेलिकन नावाच्या खानावळीत १७९५मध्ये बर्कशायरचे न्यायाधीश जमले आणि त्यांनी ठरवलं की मजुराची मजुरी पावाच्या भावाला पुरी पडत नसेल तर उरलेलं गावाच्या करातून द्यावं, घरात खाणारी तोंडं मोजून. लोक उपाशी मरू नयेत म्हणून केलेली गोष्ट. पुढे टीका अशी झाली की शेतमालकांनी मजुरी आणखी पाडली, कारण भर घालणारं कुणी तरी होतं. ती टीका कितपत खरी यावर इतिहासकार अजून भांडतात. १८३४च्या कायद्याने हे सगळं मोडून, मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये जा, असं धोरण आणलं. त्या इतिहासाकडे बघून मला एवढंच वाटतं की भर बंद करणं हा इलाज नव्हे, तो करून झाला आहे. आज निदान खाली किमान वेतनाची फरशी आहे, १७९५मध्ये नव्हती.

आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की आवाज खाली जातो. "बेनिफिटवर आहे ती." स्लाउ, हाउन्स्लोकडचे आयटीतले संसार. बहुतेकांच्या व्हिसावरच लिहिलेलं असतं की सरकारी मदतीवर हक्क नाही. मीही नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा तसंच होतं. त्यामुळे मदत घेणारा म्हणजे काम न करणारा, असं एक चित्र डोक्यात पक्कं बसलेलं. एका गणपतीला एक गृहस्थ म्हणाले, "आपण टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं." यूसी घेणारे २०२५ साली सुमारे ८० लाख होते, आणि त्यातला दर तिघांतला साधारण एक कुठे ना कुठे नोकरी करत होता. पण मी आकडे सांगितले नाहीत. ते ज्या इमारतीत काम करतात तिची सफाई कोण करतं ते विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्या मजल्याचे तास माझ्याकडे भरले जातात. ते नऊला पोचतात तेव्हा कचऱ्याच्या डब्यात नवीन पिशवी असते. ती घालणाऱ्या बाईच्या मजुरीतला एक भाग त्यांच्या टॅक्समधून जातो हे खरंच आहे. पण त्यामुळे जी सफाई स्वस्त पडते, तिचा फायदा त्यांच्या कंपनीलाही होतो. माझ्या नवऱ्याने डोळ्याने गप्प बस म्हणून खुणावलं. मोदक आले म्हणून मीही आवरतं घेतलं.

यूसीची रक्कम अपुरी आहे यावर पुष्कळ लिहिलं जातं, आणि ती अपुरी आहेच. पण माझ्या टेबलावर जे येतं ते थोडं निराळं असतं. थोडक्या पैशांत घर चालवणं या बायकांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. कुठल्या दुकानात संध्याकाळी सातनंतर पाव निम्म्यात मिळतो इथपासून सगळं. त्यांना येत नाही ते पुढच्या महिन्यात किती येणार हे ओळखणं, आणि ते कुणालाच येणार नाही. ओव्हरटाइम घेतला की कमी होणार, रजेचे पैसे मिळाले की कमी, शुक्रवार चुकीच्या बाजूला पडला की कमी. म्हणून मग बाई काहीच हलवत नाही. सोळाचे सोळाच ठेवते. साहेबांना ते आळशीपण दिसतं.

गेल्या हिवाळ्यात मी कंपनीला सुचवून पाहिलं की महिन्याच्या महिन्याला पगार करू. वाटलं होतं, सगळ्या खूश होतील. चहाच्या खोलीत विषय काढला तर दोन तट. यूसीवाल्यांना हवं होतं. पण नेपाळ-पंजाबकडून व्हिसावर आलेल्या, ज्यांना मदत मिळतच नाही, त्यांना तेरा पगारच हवे. अठ्ठावीस दिवसांनी नक्की पैसे, त्यात एकतीसपर्यंत कशाला थांबायचं? त्यांचंही बरोबर. शेवटी वरून उत्तर आलं की कंत्राटं चार आठवड्यांची आहेत, बदल नाही.

माझ्या टेबलामागे कालनिर्णय असतं, दर डिसेंबरात आई कुणाबरोबर तरी पाठवते. सावंतवाडीत ज्या चौकोनांत आई दुधाचा हिशेब लिहायची त्यात मी पगाराचे शुक्रवार लाल पेनाने लिहिते. आता ते नुसतं माझ्यासाठी राहिलेलं नाही. बायका येतात, आपली यूसीची तारीख सांगतात, आणि जोडपगार कुठे पडतो ते शोधतात. एक तमिळ बाई पूर्ण वर्षाचे फोटो काढून घेऊन गेली, संकष्टी-एकादशीसकट. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, पुढच्या वर्षीच्या जादा शिफ्टचं नियोजन. खोटं नव्हतं ते.

पेडण्याच्या ताई २०२६चं कालनिर्णय आल्या आल्या बघायला आल्या. त्यांचे दोन पगार जुलैत पडतात, ३ला आणि ३१ला. म्हणजे कमी यूसी ७ ऑगस्टला. मग त्यांनी पान उलटून चवथ शोधली. १४ सप्टेंबर. बोटं मोजली, मधे २८ ऑगस्टचा पगार आणि ७ सप्टेंबरचं पूर्ण यूसी, दोन्ही बसतात का पाहिलं. "यंदा बूट जुलैतच घेईन, दुसरा पगार हातात आला की," त्या म्हणाल्या, आणि पोराच्या पायाचा नंबर तोवर किती वाढेल यावर आमची चर्चा सुरू झाली.